नायकाचे चिलखत, क्रमांक दोन

माझे संपूर्ण नाव ‘नायकाचे चिलखत, क्रमांक दोन’ असे असून माझे वय आज एकतीस वर्षे आहे. व्याकरणाच्या दृष्टीने चिलखत नपुंसकलिंगी असते, हे मी जाणतो. तथापि एका वीराच्या अंगावर सबंध चित्रपटभर राहिल्यामुळे पुल्लिंगी क्रियापद वापरण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतला आहे. वाचायला मला कोणी शिकवले नाही. कपाटात मला जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवतात. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात एकेक अक्षर लावत मी स्वतःच शिकलो.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. मी लोखंडाचा नाही. मी दोऱ्याचा आहे, आणि याची मला यत्किंचितही लाज वाटत नाही.

चित्रपट मध्ययुगातील धर्मयुद्धांवरचा होता. दूरदेशी लढायला गेलेला एक सरदार जखमी होतो, शत्रूच्या गावातल्या वैद्याची मुलगी त्याला वाचवते, आणि पुढे दोघांच्या प्रेमापायी दोन्ही सैन्यांची झोप उडते. दिग्दर्शकाचा हट्ट असा की, सर्व काही अस्सल हवे. म्हणून एका नामांकित लोहारबुवांकडून माझा थोरला भाऊ, म्हणजे क्रमांक एक, घडवून घेण्यात आला. हजारो कड्या, प्रत्येक कडी चार कड्यांत गुंतवलेली. काम देखणे होते, यात वाद नाही. परंतु ते अंगात घालून नायक घोड्यावर बसला, घोडा चार पावले चालला आणि खाली बसला. घोडा उठेना आणि नायकही उठेना.

मग वेषभूषाकार लोहारबुवांच्या घरी आला तो भट्टीकडे न जाता थेट स्वयंपाकघरात, लोहारबुवांच्या पत्नीकडे. तिला सारी गल्ली काकू म्हणे आणि तिचे विणकाम सर्वांच्या परिचयाचे होते.

“काकू, असं काही विणता येईल का, की दिसायला लोखंड आणि उचलायला कापूस?”

लोहारबुवा दारातच उभे होते. “स्वेटर घालून कोणी लढाईला जातं का? समोरच्यानं तलवार नाही, सुई उपसायची मग!”

“अहो, तुमच्या चिलखतानं घोडा बसलाय,” काकू म्हणाली. “माझ्यानं निदान तो उभा तरी राहील.”

अशा रीतीने माझा जन्म झाला. जाड सुती दोरा, बोटाएवढ्या सुया, आणि प्रत्येक टाक्याला एक जादा पीळ, म्हणजे तो कडीसारखा गोल दिसावा. नंतर काळा रंग आणि त्यावर चंदेरी ब्रशाचा कोरडा हात. मला वाळत घातले असताना शेजारचे मांजर माझ्यावर बसायला आले आणि मला पाहून मागे सरले. माझे पहिले प्रेक्षक ते मांजर. त्याचा निकाल मला आजही मान्य आहे.

लोहारबुवांचे मन मोडू नये म्हणून वेषभूषाकाराने त्यांना सांगितले, “काका, हे दोऱ्याचं मागच्या शिपायांसाठी. जवळून दिसेल ते तुमचंच.” काकूला खरे ठाऊक होते. नायकाच्या अंगावर मीच असणार होतो. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून एकदा तरी ‘काम चांगलं झालंय’ असे ऐकावे, एवढीच तिची इच्छा होती; आणि ते ऐकायचे, तर त्याचा अभिमान मोडावा लागणार, हेही तिला दिसत होते.

चित्रपट प्रदर्शित झाला. वर्तमानपत्रांनी काय लिहिले, ते मी पुढे सवडीने वाचले. एकाने लिहिले, कथा पाल्हाळिक आहे. दुसऱ्याने लिहिले, नायिका एका नजरेत प्रेमात पडते, हे पटत नाही. तिसऱ्याने लिहिले, इतिहासाचे तीनतेरा वाजले आहेत. मात्र तिघांनीही लिहिले की, चिलखत अस्सल आहे. टीकाकारांविषयी माझे मत तेव्हापासून चांगले आहे.

तिसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरू लागली, तेव्हा मला थिएटरच्या दालनात पुतळ्यावर उभे करण्याचे ठरले. माझी बाही उसवली होती, म्हणून मी दुरुस्तीसाठी काकूकडे आलो. आणि त्याच दुपारी लोहारबुवांनी भट्टी बंद ठेवून चित्रपटाला जाण्याचे काढले. सोबत शेजारचा वेल्डर. लोहारबुवांना आपले लोखंड त्याला पडद्यावर दाखवायचे होते. काकूने मला पिशवीत घातले. बाही तयार होती, जाता जाता थिएटरात देता येणार होते.

मी तिच्या मांडीवर होतो. पिशवीचे तोंड उघडे होते.

“बघ, बघ! कडी कशी बसलीय!” मी पडद्यावर येताच लोहारबुवांनी वेल्डरला कोपर मारले.

“मानलं बुवा,” वेल्डर म्हणाला.

काकूचे बोट माझ्या बाहीवरून हळूच फिरले.

मध्यंतराच्या थोडे आधी नदीचे दृश्य आले. नायक प्रेयसीसाठी पुरात उडी टाकतो आणि थकून काठावर येतो. मागच्या रांगेत हुंदके ऐकू आले. परंतु माझ्यात पाणी मुरले होते, आणि ओला दोरा ताणला जातो. कमरेपर्यंतचा मी नायकाच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होतो.

वेल्डर पुढे वाकला. “काय रे, तुझं लोखंड लांबलं की!”

दिवे लागले. वेल्डर चहा आणायला गेला. मागे एक निवृत्त मास्तर कोणाला तरी सांगत होते, “त्या काळी सरदार असं गाणं म्हणत नसत,” आणि एक मुलगी म्हणत होती, “मग काय रडतच बसायचे?”

“अहो,” काकू म्हणाली, “मी सांगणार होते.”

“किती दृश्यांत?”

“सगळ्यांत.”

त्यांनी चहा घेतला नाही. उठून जातील, असे तिला वाटले. ते उठले, रांगेच्या टोकापर्यंत गेले, तेथे क्षणभर उभे राहिले आणि परत येऊन बसले.

शेवटचे दृश्य आले. सरदार युद्ध सोडतो. तो मला अंगावरून उतरवतो आणि किल्ल्याच्या दगडी फरशीवर टाकतो. सबंध थिएटरात जो आवाज घुमला, तो माझा नव्हता. मी पडतो, तेव्हा ओला टॉवेल पडल्यासारखा पडतो. ध्वनिमुद्रकाने त्या क्षणासाठी माझ्या थोरल्या भावाला खऱ्या दगडावर आपटले होते.

लोहारबुवांनी डोळे मिटले.

“हा माझा,” ते म्हणाले.

कोणी खोकलेही नाही. मघाचे मास्तर श्वास रोखून होते. मागून एक बाई पुटपुटली, “किती जड असेल हो ते!”

तेव्हा लोहारबुवांचा हात पिशवीत आला. भट्टीजवळ ते जशी कडी तपासत, तसा त्यांचा राठ अंगठा माझ्या टाक्यांवरून सावकाश गेला.

“पीळ का दिलास?”

“गोल दिसावं म्हणून. तुमच्या कड्या बघूनच केलं.”

त्यांनी मला उलटून मागची बाजू पाहिली. चांगला कारागीर नेहमी मागची बाजू पाहतो. “काम चांगलं झालंय,” ते म्हणाले. काकूने पदर डोळ्यांना लावला. मागची बाई समजली, चित्रपटाचा परिणाम.

बाहेर पडताना वेल्डरने सर्वांदेखत विचारले, “मग काय ठरलं? चिलखत कोणाचं?”

“दिसतंय ते हिचं, वाजतंय ते माझं,” लोहारबुवा म्हणाले. “तुझा चहा तेवढा वाया गेला.”

वाचकहो, चित्रपटाला नावे ठेवण्याचा आपला अधिकार मी नाकारीत नाही. कथा लांबली तर लांबली म्हणा. केवळ एवढीच विनंती आहे की, ज्या क्षणी आपला श्वास थांबला, तो क्षणही हिशेबात धरावा. तो फुकट आलेला नसतो.

आज मी डांबरगोळ्यांच्या सहवासात सुखाने आहे. रंग थोडा उडाला आहे, परंतु एकही टाका सुटलेला नाही.

त्या दुपारनंतर नाटक-चित्रपटांची जी कामे त्या घरी आली, त्यांत अंग काकूने विणले, बकले आणि गळपट्ट्या लोहारबुवांनी घडवल्या, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला काकू पुढे बसू लागली.