उजवीकडची कडी

“दोन डोळे कधी सारखे नसतात गं पोरी. म्हणून उजवीकडची कडी मोकळी ठेवायची. ज्याचे डोळे, त्याने फिरवायची.”

हा आवाज माझ्या कानी पडला तेव्हा मी पुरती जन्मलेही नव्हते. माझ्या एका नळीत भिंग बसलं होतं, दुसरी अजून पोकळ होती. कारखान्यातला म्हातारा कारागीर नव्यानं कामाला लागलेल्या मुलीला शिकवत होता. तिनं मान डोलावली, दुसरं भिंग बसवलं, उजव्या नळीवरच्या फिरत्या कडीला तेलाचा थेंब दिला आणि मला डोळ्यांना लावून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी सदरा वाळत होता. “अय्या, त्याचं एक बटण तुटलंय!” ती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं पहिलं दृश्य ते. तुटक्या बटणाचं. तरी काय आनंद झाला होता मला!

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या अंगावरचं काळं चामडं आता कडांना सोललंय, पट्टा दोनदा बदललाय. भिंगं मात्र अजून लख्ख आहेत. माझी कहाणी मी तुम्हाला सांगणार आहे, पण तिच्यात शाबासकी थोडी आहे आणि पश्चात्ताप पुष्कळ. ऐकायला गोड लागणार नाही. तरी ऐका.

मला विकत घेतलं ते मोजणी खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं. गल्लीत सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. माणूस टापटिपीचा, हिशोबी, वाईट मुळीच नव्हे. दर रविवारी मऊ फडक्यानं मला पुसायचे, पावसाळ्यात डबीत कापूर ठेवायचे. एवढी निगा तर त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांचीही राखली नाही. त्यांचा उजवा डोळा बराच अधू होता. त्यांनी कडी फिरवून फिरवून आपल्या नजरेला जुळवली आणि मग जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी तिच्यावर घट्ट गुंडाळली.

“हे आता कुणी हलवायचं नाही,” त्यांनी घरात बजावलं.

त्या दिवशी माझं एक बुबुळ गोठलं. माझ्या मधल्या चाकाला कितीही फिरवा, दुसऱ्या कुणाचा डावा डोळा स्वच्छ झाला की उजव्यात धुकं, आणि उजवा उजळला की डाव्यात. जगात माझ्यातून एकच माणूस बघू शकत होता. बाकीच्यांना मी नुसतं धुकं वाटायची.

त्या बाकीच्यांत त्यांची बायको होती. ती घरी बसून कपड्यांना काजं करायची. आख्ख्या वस्तीतल्या शिंप्यांचे सदरे तिच्याकडे यायचे. लोक तिला काजंवाली वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. तिची नजर कशी होती म्हणून सांगू! बोलता बोलता, न बघितल्यासारखं करून, पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवायची. ओवताना गुणगुणायची,

सुई बाई सुई, तुझं नाक केवढंसं,
त्यातून दोरा जातो, माझं मन जावं कसं?

घरच्यांना वाटायचं, गाणं आहे, असेल काहीतरी.

आम्ही खूप फिरलो. किल्ले, तलाव, जुनी शहरं. वहिनीच्या एका खांद्याला पाण्याची बाटली, दुसऱ्याला माझी रिकामी डबी, कडेवर लेक. मी साहेबांच्या डोळ्यांना. वहिनीनं हात पुढे केला की साहेब म्हणायचे, “थांब गं, आधी मला बघू दे. मी सांगतो ना तुला.” आणि सांगायचेही. कमानी किती, पायऱ्या किती, बुरूज किती उंच. कधी तरी मूड असला तर मला तिच्या हातात द्यायचे. “बघ. दिसलं?”

वहिनी बघायची. धुकं. तिला वाटायचं, आपल्यालाच वापरता येत नाही. साहेबांना दिसतं, म्हणजे दुर्बीण ठीकच असणार. मग खोट आपल्यात.

“हो, छान दिसतंय,” ती म्हणायची.

लेकही तेच शिकली. आठ वर्षांची पोर मला डोळ्यांना लावून टाळ्या पिटायची, “दिसलं बाबा, दिसलं!” तिलाही काही दिसलेलं नसायचं. अख्खं कुटुंब माझ्यासमोर खोटं बोलायचं आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून गप्प. मला तोंड असतं तर ओरडले असते, अगं, ती पट्टी काढ! पण मला नुसतेच डोळे दिलेत, आणि तेही दुसऱ्यांचे.

अशी अडतीस वर्षं गेली. साहेब निवृत्त झाले, लेक लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे राहायला गेली. फिरणं थांबलं. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, छत्र्यांच्या शेजारी पडून राहिले. मग गेल्या हिवाळ्यात साहेबांनी मला बाहेर काढलं, तर पट्टा तुटलेला.

“चष्मेवाल्याकडे टाकून ये,” ते वहिनीला म्हणाले. “आणि त्याला सांग, पट्ट्याशिवाय कशाला हात लावू नकोस.”

वहिनीनं मला कापडी पिशवीत ठेवलं. तिचा मोबाईल मात्र शिलाई मशीनवर चार्जिंगला तसाच राहिला. दुकानापाशी पोचलो तर दाराला कुलूप. समोर बसस्थानक. तिथं एक कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, “एकच जागा राहिलीय! एकटं कुणी आहे का? एकच जागा!”

गाडीवर एका जुन्या शहराचं नाव होतं. वीस वर्षांपूर्वी आम्ही तिथं गेलो होतो. तेव्हा वहिनी मनोऱ्याच्या पायथ्याशी सामान सांभाळत बसली होती, आणि साहेबांनी खाली उतरून तिला सगळं शहर सांगितलं होतं.

वहिनीनं सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“बाई, एकट्या आहात का?”

“हो,” ती म्हणाली. “एकटीच आहे.” जरा थांबून पुन्हा म्हणाली, “एकटीच.” जणू नवा शब्द तोंडात घोळवून पाहत होती.

दोन तासांनी आम्ही उतरलो. दगडी वेस, तिच्यात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, वेशीला टेकून झोपलेलं कुत्रं. वहिनी रमतगमत चालली. कुणी “चल लवकर” म्हणत नव्हतं. मनोऱ्याच्या पायऱ्या ती एका दमात नाही चढली. मध्ये चारदा बसली, पण बसली ती स्वतःच्या मर्जीनं.

वर एक बाई कबुतरांची घाण खरवडत होती. केस पांढरे, हातात पत्रा, तोंड सुरू.

“या ताई. भिंतीला टेकू नका, लुगडं खराब होईल. या पाखरांना राजवाडा काय नि संडास काय, सगळं सारखंच! ती दुर्बीण का? बघू का जरा? पाहुणे देतात मला बघायला, तेवढाच माझा पगार.”

वहिनीनं मला तिच्या हातात दिलं. तिनं डोळ्यांना लावलं आणि लगेच खाली घेतलं.

“अगंबाई! हे तर सगळं धुकट. नि ही पट्टी कशाला चिकटवलीय?”

“आमच्या ह्यांनी लावलीय. त्यांच्या डोळ्यांना जुळवलेलं हलू नये म्हणून.”

“बरं. मग त्यांचे डोळे आणलेत का बरोबर?”

वहिनीला हसू फुटलं. पण बाई हसली नाही. तिनं नखानं पट्टी उचकटली. अडतीस वर्षांचा गोंद, सहजासहजी सुटतोय थोडाच! शेवटी वहिनीनं पिशवीतली छोटी कात्री दिली. चर्र आवाज झाला आणि माझ्या अंगाला मोकळी हवा लागली.

“आता उजवा मिटा, मधलं चाक फिरवा. दिसलं? आता डावा मिटा. नि ही कडी फिरवा, हळू. हळू हो, लोणचं नाही भरायचंय.”

मित्रांनो, कडी फिरली. आतल्या आत माझा जीव गोळा झाला. वहिनीच्या बोटांना तो क्षण कळला, काज पुरं झाल्यावर दोरा कुठं थांबवायचा ते जसं कळायचं, अगदी तसा.

समोर शहर उभं होतं. मोठ्या घुमटावर फरशीच्या चांदण्या होत्या, त्यातल्या एका चांदणीचं एक टोक गळून पडलं होतं. तलावाच्या पायरीवर एक माणूस बायकोचे ओले केस पिळत होता. दूरच्या खिडकीत कुणीतरी पडद्याची शिवण दातानं तोडत होतं.

“हिरवा आहे,” वहिनी म्हणाली.

“काय?”

“घुमट. त्यांनी मला निळा सांगितला होता. वीस वर्षं मी सगळ्यांना निळा सांगतेय.” ती बराच वेळ बघत राहिली. मग मला मांडीवर ठेवून म्हणाली, “एवढंच होतं? एक कडी फिरवायची?”

“एवढंच,” बाई म्हणाली. “माझ्याकडं माणसं येतात, निम्म्यांना ठाऊक नसतं. रडताय का?”

“नाही गं. वाऱ्यानं.”

वारा नव्हता. मला विचारा, मी तिच्या मांडीवर होते.

त्या दिवशी वहिनीनं ते शहर अधाशासारखं पाहिलं. संध्याकाळी गाडी निघताना तोच कंडक्टर म्हणाला, “बाई, चला, शेवटची गाडी.” वहिनी बाकावरून उठली, एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबली. “तुम्ही जा,” म्हणाली. स्थानकाजवळच्या लॉजवर खोली घेतली. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, “घरी कळवायचंय का?” आणि फोन पुढं सरकवला. वहिनीनं तो उचलला, कानाला लावला, आणि एकही आकडा न फिरवता ठेवून दिला.

ही गोष्ट मी लपवणार नाही. तिनं चूक केली. घरी दोन माणसांच्या जिवाचं पाणी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो. साहेब दारातच होते, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. लेक रडून सुजली होती.

“चुकीच्या गाडीत बसलीस ना?” साहेबांनी विचारलं. “वाट चुकलीस ना? घर सापडेना ना तुला?”

प्रश्नातच उत्तर बांधून दिलेलं. वहिनीनं ती चुकलेली बटणं पाहिली. तिला त्यांची दया आली. “हूं,” ती म्हणाली.

त्या एका हुंकारानं घात केला. गावभर झालं, काजंवालीला विसरायला होतं. लेकीनं आईच्या पाकिटात फोन नंबरची चिठ्ठी शिवली, आणि ते टाके इतके गबाळे की वहिनीला बघवेना. बाहेर जाताना कुणीतरी बरोबर. शिंप्यांना निरोप गेले, आता कपडे पाठवू नका. शिलाई मशीन कुणाला देऊन टाकायचं याची बोलणी सुरू झाली. वहिनी हे सगळं ऐकत खिडकीशी बसायची. खरं सांगावं, तर साहेबांचं तोंड काळं होणार. न सांगावं, तर तिचे हात आणि पाय दोन्ही जाणार.

आणि साहेब? वहिनी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला डोळ्यांना लावलं. दिसेना. त्यांचा अंगठा कडीवर गेला, चिकटपट्टीच्या उरलेल्या गोंदावर थांबला. त्यांना कळलं, मित्रांनो. वाट चुकलेली बाई दुर्बिणीची कडी आपल्या डोळ्यांना जुळवत बसत नाही. मग त्यांनी कपाटातून चिकटपट्टी काढली, कडी मागे फिरवली आणि नवी पट्टी लावली. आधीपेक्षा दोन वेढे जास्त. कुणाला काही बोलले नाहीत.

माझी तुमच्याकडे एक विनवणी आहे. माझ्यासारखी वस्तू घरी असेल तर तिला पुसा, कोरडी ठेवा, हे तर सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणते, ती दुसऱ्याच्या हातात देताना तिच्यावर आपल्या डोळ्यांचं कुलूप घालून देऊ नका. आणि समोरचा माणूस “छान दिसतंय” म्हणाला, तर एकदा त्याला विचारा, काय दिसतंय? माझ्या घरात अडतीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही. मला इतकं जपलं, इतकं पुसलं, आणि मी आंधळीच राहिले.

हे सांगून मी थांबणार होते. पण परवा घरी डॉक्टर आले. लेकीनं बोलावलं होतं. मशीन जायचं की राहायचं, वहिनीनं एकटीनं उंबरा ओलांडायचा की नाही, ते त्यांच्या कागदावर ठरायचं होतं. साहेबांनी पुरावा म्हणून मला टेबलावर आणून ठेवलं. “हीच घेऊन गेली होती बघा.”

डॉक्टर वहिनीकडे वळले. “आज वार कोणता?”

“गुरुवार,” साहेब म्हणाले.

“त्यांना विचारतोय मी.”

“तिचा गोंधळ होतो हो. मी सांगतो ना तुम्हाला.”

“बाबा, जरा गप्प बसा,” लेक म्हणाली. घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

वहिनीनं वार सांगितला, तारीख सांगितली, शंभरातून सात सात वजा करत थेट दोनापर्यंत आली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“मग त्या दिवशी काय झालं होतं, वहिनी? घर सापडेना का तुम्हाला?”

साहेबांनी तोंड उघडलं. वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, सरळ, पापणी न लववता. त्यांनी तोंड मिटलं. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजून गेली.

“सापडत होतं, डॉक्टर,” वहिनी म्हणाली. “रस्ता ठाऊक होता, शेवटची गाडी समोर उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. मला घरी यावंसंच वाटत नव्हतं.”