तेराव्या पॅडवरची हाक

मित्रांनो, मार खाणं हाच ज्याचा धंदा, त्याची कहाणी ऐकायची तयारी असेल तर बसा. मी एक जुना सॅम्पलर आहे. नाव ऐकून बिचकू नका. चपटी काळी पेटी, वर रबराचे सोळा चौकोन. त्यांना पॅड म्हणतात. माइक समोर धरून रेकॉर्डचं बटण आणि एखादा पॅड दाबला, की समोरचा आवाज मी त्या पॅडवर साठवतो. मग पॅडवर टोला मारा, तोच आवाज बाहेर! आधी तिथे दुसरं काही असेल तर ते पुसलं जातं. हा माझा स्वभावच आहे, त्याला मी तरी काय करू?

कारखान्यात एका लोखंडी बोटाने माझी परीक्षा घेतली. एकेका पॅडवर हजार हजार ठोसे. त्यातून वाचलो आणि ऐरोलीत आलो, केयूर नावाच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी. त्याने हौसेने दोन रविवार बडवलं आणि कपाटात इस्त्रीखाली कोंबलं. तीन वर्षं! मार परवडला पण हे कपाट नको, असं तेव्हा वाटायचं. मूर्ख होतो मी.

मग मला विपुल घेऊन गेला. विपुल जुईनगरजवळच्या गावठाणातला, आगरी घरातला, हळदीचा डीजे. त्यांच्याकडे लग्नापेक्षा हळदीचाच थाट मोठा. पूर्वी तो लॅपटॉपवर एकामागून एक तयार गाणी लावून नुसता उभा राहायचा. लोक टोमणे मारायचे, "बटन काय, आमची म्हातारी पन दाबेल!" ते त्याला फार लागायचं. मी आल्यावर मात्र गड्याचा नूरच पालटला. मांडवात शिरला की माइक घेऊन फिरायचा. नवरीच्या मामाची शिट्टी, हळद कुटणाऱ्या बायकांच्या बांगड्या, कुणाचं तरी गडगडाटी हसू, सगळं दहा मिनिटांत तुकडे पाडून माझ्या अंगावर. आणि मग दोन्ही हातांनी जो सुटायचा! मामा स्वतःच्याच शिट्टीवर घाम निघेपर्यंत नाचायचा. विपुल मला बडव बडव बडवायचा, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

विपुलची आत्या, सखू, धवलारीण होती. हळदीत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी ही बाई आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन हाक मारते. सखूआत्याने तोंड उघडलं की मांडवातली पोरंसोरंसुद्धा गप्प बसायची.

आता जरा मन घट्ट करा. शेजारच्या गावात एका प्लॉटच्या कुंपणावरून मारामारी झाली होती. तीत धर्मराज नावाचा माणूस डोक्यात पाइप बसून मेला. मारला सुभाषने, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण साक्ष द्यायला एक माणूस पुढे येईल तर शपथ! सुभाष खटला न होताच सुटला. वर्षभराने धर्मराजच्या मुलीची हळद झाली. आत्याने डोळे मिटले आणि हाक दिली, "ये रे ये, धर्मराज बाबा, मांडवी ये!" त्याची बायको सुचिता खांबाला धरून ओक्साबोक्शी रडली. विपुलने ती हाक माझ्या तेराव्या पॅडवर घेतली.

पुढे चार महिन्यांत आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. बोलताना नुसती फुंकर बाहेर पडायची. तिचा गाता आवाज जगात एकाच जागी उरला, माझ्या पोटातल्या कार्डावर. रोज दुपारी ती यायची, पॅडवर बोट ठेवायची आणि स्वतःला ऐकायची. "कॉपी काढून ठेव रं," ती म्हणायची. विपुल म्हणायचा, "उद्या काढतो, आत्या." उद्या, उद्या, उद्या! अशा माणसाच्या कानाखाली वाजवायला मला हात नाहीत, हे माझं दुर्दैव.

यंदा सुभाषच्या मुलाच्या हळदीचं बोलावणं आलं. आत्या घाबरी झाली. "त्या घरात माझी हाक नको."

"नाव नाय वाजवनार गो," विपुल म्हणाला. "हलका टोला मारला की नुसतं 'ये रे ये' वाजतं. बोट दाबून धरलं तरच पुढचं येतं, आनि मग ते फिरत राहतं. तू कशाला टेन्शन घेते?"

खोटं नव्हतं ते. दुपारी चारला मांडवात "ये रे ये! ये रे ये!" सुरू झालं आणि तीनशे माणसं उसळली. पण हळदीच्या मांडवात डीजेला कोरडं कोण सोडतं? दोन बायका हसत हसत आल्या आणि ओंजळभर तेल-हळद विपुलच्या तोंडाला, हातांना फासून गेल्या. त्याने हात पुसले नाहीत. रंगात आला होता ना! ते चिकट तेल माझ्या फटीत उतरलं. पुढच्या टोल्याला तेरावा पॅड खाली गेला तो वर आलाच नाही.

"ये रे ये, धर्मराज बाबा, मांडवी ये! ये रे ये, धर्मराज बाबा..."

चारी भोंग्यांतून, पुन्हा पुन्हा. नाचणारे पाय थबकले. विपुल नखांनी पॅड उपसू लागला. तेवढ्यात सुभाषच्या माणसांनी फेकलेली पहिली खुर्ची त्याच्या पाठीत बसली. दुसरी टेबलावर फुटली. लाइटचा स्टँड आडवा झाला, काचांचा सडा पडला. कुणीतरी त्याचे केस धरून कपाळ टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. त्याचं रक्त माझ्या पॅडवरच्या हळदीत मिसळलं. पळ, गाढवा, पळ! मी ओरडलो असतो, पण माझ्या तोंडी तेव्हा एकच वाक्य होतं. तो पळाला नाही. उलट माझ्यावर पालथा पडला.

"मला मारा! पेटीला नको! आत्याचा आवाज हाय त्यात!"

गर्दी फाडत सुभाष आला. हातात स्टँडचा पाइप, डोळे तारवटलेले. "गप कर त्याला! गप कर!" पहिला घाव विपुलच्या हातावर. त्याची दोन बोटं मोडल्याचा कडकन आवाज मला खालून ऐकू आला. दुसरा घाव माझ्या कोपऱ्यावर, थेट रेकॉर्डच्या बटणावर. बटण आत गेलं. पॅड दाबलेलाच होता. माइक शेजारीच पडला होता. आत्याची हाक शब्दाच्या मधोमध तुटली.

मांडव चिडीचूप झाला, पण सुभाषचा हात थांबेना. तो माझ्यावर पाइप घालतच राहिला. "एकदा मारला ना तुला! याच हातानं डोकं फोडलं ना तुझं! परत कशाला येतो?"

तीनशे माणसांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं तेव्हा एकालाही काही ऐकू आलेलं नव्हतं. एक मीच होतो, मित्रांनो. जिथे सखूआत्याची हाक होती, तिथे आता सुभाष ओरडत होता.

प्लास्टरमधला हात घेऊन विपुल आणि आत्या मला वाशीला अभिरामकडे घेऊन गेले. तो असली यंत्रं दुरुस्त करतो. त्याने मला उघडलं, अडकलेला पॅड मोकळा केला, एकदा वाजवून पाहिला आणि म्हणाला, "कार्ड तडकलंय. खाली जुना आवाज अजून असेल. आज हात घातला तर निघेल कदाचित. पण मग वकील म्हणणार, हे तुम्हीच बनवलंय. वर जी सुभाषची कबुली बसलीये, तिची किंमत शून्य. आणि पोलिसांकडे दिलं तर ते किती वर्षं पडून राहील सांगता येत नाही. तोवर या तडकलेल्या कार्डात जुन्यातलं काही उरणार नाही."

"आत्याचा काढ," विपुल लगेच म्हणाला. "बाकी गेलं खड्ड्यात."

आत्याने माझ्यावर हात ठेवला. "नको."

"आत्या, परत नाय मिळनार तो आवाज. कधीच नाय."

तिचे डोळे भरले होते. मोठ्या कष्टाने तिने एकेक शब्द फुंकला. "मी बोलवला त्याला. तो आला. आता त्याचं काम आधी."

तिने मला पदरात गुंडाळलं आणि थेट सुचिताच्या दारात नेलं. पॅड दाबला. सुचिताने ते एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. या वेळी ती रडली नाही. तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चला."

आता मी पोलिसांच्या कपाटात आहे. वर लाखेची मोहोर आहे. सुभाष गजाआड आहे आणि खटला उभा राहिला आहे. विपुलची दोन बोटं अजून वळत नाहीत, असं मला कोर्टात नेलं तेव्हा कळलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. ज्याचा आवाज तुम्हाला जिवापाड आवडतो, त्याच्यासमोर आजच जाऊन बसा आणि पोटभर ऐका. उद्यावर टाकू नका, आणि माझ्यासारख्या पेटीच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. सखूआत्या कशी गायची, असं मला कुणी विचारलं तर मला आता सांगता येत नाही. माझ्या पोटात तिला शोधायला जातो, तर तिथे सुभाष ओरडत असतो.