अकराव्या ओळीची माती

वहीत: लाटंबार्से, २ मार्च. अळसांदे (गोव्याची चवळी), ३६ ओळी, प्रत्येक ओळ वेगळ्या संकराची. फुलोरा आला. आजपासून पाणी बंद.

वहीबाहेर: बंद म्हणजे बंद, असं मी गोकुळदासकाकांना बजावलं. शेत त्यांचं, प्रयोग आमच्या कृषी संशोधन केंद्राचा. तीन आठवडे पाण्याविना जी ओळ शेंगा धरील तिचंच बी गावोगावी जाणार. बाकीच्या उपटायच्या.

त्यांची बायको, शांताकाकी, बांधावर उभी होती. "उभी वाढणारी कुठली गो त्यात?"

"सहा आहेत. सगळ्यात ताठ अकरावी."

आमच्याकडचा अळसांदा जमिनीवर लोळतो. शेंगा पानांखाली. काकी लग्न होऊन आल्यापासून वाकून तोडतात. आता वाकल्या की कुणीतरी हात धरून उठवावं लागतं. अकरावीच्या शेंगा कमरेच्या उंचीवर, पानांच्या वर धरणार.

"हिला मी लग्नात सरळ बघितली," काका म्हणाले. "मग कधी नाय."

"खांबासारखा नवरा मिळाला. घरात एकाला तरी वाकायला नको?"

वहीत: १३ मार्च. ताठ ओळी ५, ८, १९, २३, ३० गेल्या. लोळणाऱ्या बऱ्या.

वहीबाहेर: लोळणारी पानं आपल्याच मुळांवर सावली धरतात. ताठ झाडाखाली ऊन थेट मातीवर. लोळणाऱ्याचा तग आणि ताठाचा कणा एका झाडात यावा म्हणून मी सात वर्षं घातली.

वहीत: २३ मार्च. ओळ ११ हिरवी. झाडाला १४ शेंगा.

वहीबाहेर: मी ओरडले. काका साप समजून काठी घेऊन धावले.

मग ओल तपासायला माती खणली. दहावीची पिठासारखी बोटांतून सांडली. बारावीचीही. अकरावीची वर कोरडी. वीतभर खाली मुठीत तिचा लाडू वळला.

लाडू हातात धरून मी बांधावरच्या काकींकडे बघितलं.

"तांदूळ धुतलेलं पाणी गो," त्या म्हणाल्या. "सांडायचंच ते. रोज सकाळी, तू यायच्या आधी. वर सुकी माती पसरायचे."

"मी काय सांगितलं होतं काकी?"

"ती मेली असती तर तू पुढल्या वर्षी पुन्हा लोळणारीच आणली असतीस."

खरं होतं. आणि मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण बी ज्या शेतांत जाईल तिथे रोज सकाळी कोण पाणी घालणार?

वहीत: ओळ ११ बाद.

"शेंगा तरी तोडू दे," काकी म्हणाल्या.

"तोडा. बी मात्र ठेवायचं नाही."

दहाच झाडं. त्यांनी शेंगा उभ्यानेच तोडल्या, सावकाश, पदर भरेपर्यंत. मग कमरेवर हात ठेवून नवऱ्याला सांगितलं, "बघा हो, काय सुद्धा दुखलं नाय."

तोवर मी अकरावीचं पहिलं झाड उपटलं होतं.