रेघेवर चार बोटं

माझा पेन्सिलीवर फार विश्वास होता. पेशंटला कितीही गोड बोला, "छान चाललंय हं" म्हणा, त्याला ते पटत नाही. पण भिंतीवर मागच्या मंगळवारची रेघ खाली आणि आजची वर दिसली, की माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून हात उचलतो. म्हणून वीस वर्षं मी घरोघरी जाऊन आखडलेले सांधे सोडवते आणि लोकांच्या भिंती खराब करते. अजून तरी कोणी रागावलेलं नाही.

त्या घरात मी दाराशेजारची भिंत निवडली, कारण बाकीच्या भिंतींना कपाटं होती. दोघी बहिणीच राहायच्या. थोरली पन्नाशीची, ताडमाड उंच. तिला सगळेच ताई म्हणत. धाकटी तिशीची. आईवडील लवकर गेले, ताईनंच तिला वाढवलं. धाकटीचा डावा हात लहानपणीच्या आजारात लुळा पडला होता, छातीच्या वर येत नव्हता. उजवा खांदा जिन्यावरून पडून मोडला. हाड जुळलं, सांधा मात्र आखडला. पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती परगावी नोकरीला जाणार होती, कापड रंगवायच्या कारखान्यात. बॅगसुद्धा भरून झाली होती.

"पाय घसरला," ताई म्हणाली. धाकटीनं मान फिरवली. मी सांधे बघते, जिने बघत नाही. मी खांदा तपासायला घेतला.

दर मंगळवारी दुपारी सगळं ठरल्यासारखं व्हायचं. ताई मला आत घ्यायची, आतून दाराला किल्ली फिरवायची आणि ती किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. "खालचं गोदाम बंद पडलंय, कोण कधी चढून येईल सांगता येत नाही." मग माझी पिशवी अगदी अदबीनं घेऊन आतल्या खोलीत ठेवायची आणि शेकायला पाणी तापवायला स्वयंपाकघरात जायची. इतकी काळजी घेणारी बहीण मी पाहिली नव्हती, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंही.

पहिल्या दिवशी धाकटीचा हात समोरून साठ अंश उठला. पूर्ण म्हणजे एकशे ऐंशी, हात कानाला लागेपर्यंत. मी तिला भिंतीसमोर उभं केलं. बोटं भिंतीवर ठेवायची, एकेक करत वर चढवायची, दुखेल तिथे थांबायचं. थांबली की मी रेघ मारायची आणि तारीख घालायची. माझी उंची चार फूट दहा इंच. पेशंट मला पाठीमागे चिमणी म्हणतात, काही महाभाग तोंडावरही. त्यामुळे रेघा वर जायला लागल्या तशी मला स्टुलाची गरज पडली.

तिसऱ्या मंगळवारी स्टूल नव्हतं. पाय मोडला म्हणे, दुरुस्तीला दिलं. मग एक खुर्ची गेली, पाठोपाठ दुसरी.

"तुमच्या घरात खुर्च्यांचे पाय फार मोडतात बाई," मी चेष्टेनं म्हटलं.

ताई खळखळून हसली. "म्हणून तर आम्ही आपले जपून असतो. द्या इकडे पेन्सिल, मी मारते रेघ."

मी पेन्सिल दिली. वर "थँक्यू" म्हटलं.

पाचव्या मंगळवारी पाणी तापायला वेळ लागत होता. मी भिंतीशी उभी राहून जुन्या रेघा बघत होते, स्वतःवरच खूश होत. साठ, अठ्ठ्याहत्तर, पंच्याण्णव, एकशे दहा. तेव्हा मला प्रत्येक रेघेच्या वर एक बारीक पांढरा ठिपका दिसला. नख लावलं तर टूथपेस्ट. आत भोक होतं, खिळ्याचं. मी रेघेवर आडवी बोटं ठेवून पाहिली. चार बोटं. पुढची रेघ, पुढचं भोक, पुन्हा चार बोटं. सगळ्यात वरच्या रेघेवर चार बोटं सोडून आजचा खिळा होता आणि त्याला किल्ली.

धाकटीचा हात कुठवर पोचतो, हे तारखेसकट मीच लिहून दिलं होतं.

धाकटी माझ्याकडेच बघत होती. "आज कळलं का तुम्हाला, मॅडम?" ती कुजबुजली.

"आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर."

"दारात ताई उभी राहील. मागच्या वेळी जिन्यात उभी होती." तिनं दुखऱ्या खांद्याकडे बघितलं. "झाडूनं पाडून बघितली किल्ली. फरशीवर वाजली. तिला झोपेतसुद्धा ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी झाडूही गेला."

"मी पोलिसांत जाते."

"काय सांगाल? किल्ली भिंतीवर, समोरच लटकतेय. मॅडम, ती दुपारी तासभर झोपते. मला फक्त हात पोचायला हवा. आवाज न करता."

स्वयंपाकघरात गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मी आयुष्यात कुणाचा अंश एकानं कमी-जास्त लिहिला नव्हता, त्याचा मला गर्व होता. तो मी त्या क्षणी गिळला. "ती समोर असली की एकशे दहालाच थांबायचं," मी म्हटलं. "आणि चांगलं कण्हायचं."

पुढचे तीन मंगळवार आम्ही नाटक केलं. ताई पेन्सिल घेऊन मागे उभी असायची. धाकटीची बोटं जुन्या रेघेशी यायची आणि ती अशी विव्हळायची की मलाच खरं वाटायचं.

"का हो वाढत नाही?" ताई विचारायची.

"सांधा अडून बसलाय. होतं असं कधीकधी."

"असू दे. घाई कुठे आहे?" ती धाकटीच्या केसांवरून हात फिरवायची, आणि ताईचा चेहरा उजळलेला असायचा. खिळा जागचा हलला नाही. पण ती पाणी तापवत असली की धाकटीचा हात मी मोजायचे. आता सांधा सावकाश सुटत होता. एकशे तेरा. एकशे सोळा. तिसऱ्या मंगळवारी तिची बोटं किल्लीच्या कडीला लागली. किल्ली जरा हलली. आम्ही दोघींनी श्वास रोखला. तिनं ती तशीच धरून ठेवली, पार थांबेपर्यंत.

रविवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "पोचले, मॅडम. त्या कारखान्यात नाही, दुसऱ्याच गावी कामावर घेतलं. ताईला सांगू नका." मी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

सोमवारी ताईचा फोन आला. आवाज शांत होता. धाकटीबद्दल एक अक्षर नाही. "माझाच खांदा धरलाय हो. उद्या येता का?"

मी जायला नको होतं. पण नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता. आणि खरं सांगायचं तर मला तिची कीवही आली. रिकाम्या घरात एकटी बाई, दुखरा खांदा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझंही झालं होतं; घाबरले नाही असं दाखवायला मी दहा मिनिटं आधीच पोचले.

ताईनं मला आत घेतलं. सवयीनं मी पिशवी पुढे केली, तिनं ती आत नेऊन ठेवली. माझा फोन पिशवीत होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती परतही आली होती. दाराशेजारची भिंत ताज्या रंगानं पांढरीशुभ्र झाली होती. एक रेघ नाही, एक भोक नाही. फक्त वर, छताच्या जवळ, एक नवा खिळा.

ताईनं दाराला किल्ली फिरवली. मग टाचा उचलल्या, उजवा हात सरळ वर नेला आणि किल्ली त्या खिळ्याला अडकवली. तिचा हात कानाला लागला होता. एकशे ऐंशी. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी मोजलाच. तिच्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

मी बसायला काही आहे का म्हणून खोलीभर बघितलं. काही नव्हतं.

"धाकटी कुठे आहे ते सांगा आणि खुशाल जा, मॅडम," ताई म्हणाली. "मी काही कोणाला कोंडून ठेवत नाही. किल्ली समोरच आहे."