बाकावरचं पोहणं

शाळेला मैदान नव्हतं. खाली छापखाना, त्याच्यावर तीन मजले शाळा आणि सगळ्यात वर गच्ची. गच्चीवर पाण्याच्या टाक्या. तरीही खेळाचा तास आठवड्यातून तीनदा असायचा आणि खेळाचे सर तो एकदाही बुडू देत नसत. फुटबॉल ते फळ्यावर शिकवत. हॉकी दुरेघी वहीत. लांब उडी तोंडी. पोहणं तेवढं बाकांवर: बाक ओळीने लावायचे, पोटावर पालथं पडायचं आणि शिट्टी झाली की हातपाय मारायचे. चाळीस हात मारले की पन्नास मीटर झाले, असं सरांनी ठरवून टाकलं होतं आणि ते घड्याळ लावून मोजत.

या प्रकारात नववीतल्या मासोळीचा हात धरेल असं शाळेत कोणी नव्हतं. नाव तिचं दुसरंच होतं, पण ते आता हजेरीपुरतं उरलं होतं. पाचवीपासून शाळेतली सर्वांत वेगवान जलतरणपटू तीच. आई घरी शिवणकाम करायची आणि गिऱ्हाइकाचं माप घेता घेता लेकीची प्रशस्तिपत्रं दाखवायची, त्यामुळे मापं अधूनमधून चुकायची. खऱ्या पाण्यात मासोळी आंघोळीपलीकडे कधी उतरली नव्हती. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी क्रीडा खात्याचं पत्र आलं. ‘खेळाने मला काय दिलं’ यावर प्रत्येक विद्यार्थ्याने पानभर अनुभव लिहावा. उत्तम अनुभवाला बक्षीस. सरांनी पत्र वर्गात वाचून दाखवलं. मग तेच पुन्हा एकदा उभं राहून वाचलं.

“मनापासून लिहा,” ते म्हणाले. “आणि शिस्त, चिकाटी, संघभावना हे तीन शब्द आलेच पाहिजेत.”

वर्गाने खाली मान घालून लिहिलं. एकाने लिहिलं, हॉकीमुळे माझं अक्षर सुधारलं. एकीला फुटबॉलच्या खडूची धूळ सोसत नव्हती, पण सामना चालू असताना ती संघभावनेने शिंकली नाही. मासोळीच्या मागच्याने लिहिलं, लांब उडीत माझं पाठांतर कमी पडतं.

मासोळी बराच वेळ पेन चावत बसली. मग तिने लिहिलं:

“पोहताना मला सगळ्यात जास्त त्रास खिळ्याचा होतो. तो बाकाला डाव्या बाजूला आहे, म्हणून मी उजवीकडे श्वास घेते. पहिले दहा हात पोट दुखतं. मग दुखायचं थांबतं आणि खाली बाक आहे हे मी विसरते. तेव्हा वाटतं, आपण खरंच कुठेतरी चाललोय. शिट्टी वाजते तेव्हा मी होते तिथेच असते. याचं दर वेळी वाईट वाटतं, पण पुढच्या तासापर्यंत जातं.”

शिस्त नाही, चिकाटी नाही, संघभावनेचा पत्ता नाही. सरांनी लाल पेन उघडलं, दोनदा वाचलं, पेन मिटलं आणि कागद होता तसा पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिलं बक्षीस मासोळीला. ‘लेखातलं खिळ्याचं प्रतीक परीक्षकांना विशेष भावलं.’ बक्षीस म्हणून शहरातल्या मोठ्या तलावावर होणाऱ्या शर्यतीत तिला सात नंबरची लेन मानाने देण्यात येत होती.

“सर, खिळा खराच आहे हो,” मासोळी म्हणाली.

“मला सांगतेस? मीच दोनदा ठोकलाय.”

“आणि सर, मला पोहता येत नाही.”

सरांचा चेहरा पडला. “अठ्ठावीस सेकंदांत चाळीस हात मारतेस आणि वर म्हणतेस पोहता येत नाही?”

“पाण्यात येत नाही.”

सर खिडकीपर्यंत जाऊन परत आले. “ठीक आहे,” ते म्हणाले. “आपण बाक नेऊ.”

छापखान्याच्या टेम्पोतून बाक तलावावर गेला. आईने रात्रंदिवस खपून छत्रीच्या काळ्या कापडाचा पोशाख शिवला होता. “यात पाण्याचा थेंब शिरायचा नाही,” ती अभिमानाने म्हणाली. मासोळीने विचार केला, तसंही कुठे शिरणार आहे.

सातव्या लेनच्या काठाला बाक लागला आणि शर्यतीच्या पंच बाई चष्मा सावरत आल्या. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं.

“तळाला पाय टेकता कामा नयेत,” त्यांनी वाचलं आणि वाकून पाहिलं. मासोळीचे पाय हवेत होते. “दोरी धरता कामा नये.” धरली नव्हती. बाईंनी सगळी पानं पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. “स्पर्धक पाण्यात असावा, असं कुठे लिहिलेलं नाही. लिहायची वेळच आली नसेल. चला, सुरू करा.”

शिट्टी झाली. मासोळीने उजवीकडे श्वास घेत चाळीस हात मारले. ती उठून बसली तेव्हा बाकीच्या अजून दहा-बारा मीटर लांब होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण शेजारचे वाजवत होते. बाईंनी शाईने तिचा पहिला नंबर लिहिला.

दुसरी आलेली, पिवळ्या टोपीवाली मुलगी, निथळत बाकाजवळ आली. आता ही भांडणार, म्हणून मासोळीने अंग चोरलं.

“मी झोपून बघू?” पिवळी टोपी म्हणाली. आठव्या हाताला ती पोट धरून उठली. “आई गं! हे तू रोज करतेस?”

“आठवड्यातून तीनदा.”

“वेडी आहेस का? पाण्यात ये. पाण्यात खिळे नसतात.”

उथळ बाजूला पाणी छातीइतकं होतं. मासोळी उतरली तशी छत्रीच्या कापडात हवा भरली आणि ती फुग्यासारखी वर आली. पिवळ्या टोपीने तिला हसत हसत पालथं केलं, पोटाखाली तळवा धरला. “हं, मार हात.”

मासोळीने सात हात मारले. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, डोळे झोंबले. तिने मागे वळून पाहिलं. शिडी लांब राहिली होती.

“मी हलले,” ती म्हणाली.

“हलणारच. पोहत होतीस ना.”

मासोळीला रडू फुटलं. तोंड आधीच ओलं होतं म्हणून बरं.

सर बाकावर एकटे बसले होते. तिने त्यांना हाक मारली. “सर, तुम्ही उतरला होता कधी?”

“माझा कोर्स टपालाने झाला,” सर हळूच म्हणाले. “पोहण्यात शंभरापैकी सत्त्याऐंशी होते.”

“या ना मग! तुम्हाला कमरेइतकंच येईल.”

सरांनी बूट काढले, विजार दुमडली आणि कठडा घट्ट धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसराही ठेवला. दोन्ही पावलं बुडाली.

“थंड असतं,” ते म्हणाले. पाठ्यपुस्तकात छपाईची चूक सापडावी, तसा त्यांचा आवाज झाला होता.

पुढच्या महिन्यापासून शाळेला गुरुवारी तलाव मिळाला. सर पायरीवर उभे राहूनच हजेरी घेतात. वार्षिक परीक्षेपर्यंत ते तिसऱ्या पायरीवर पोचले होते आणि मुलांनी त्यांना घाई केली नाही.