दालन क्रमांक चारचा खुलासा

“कमिशनचे साहेब किती वेळ हसत होते, तेही लिहू का?” पेन थांबवून ग्लाफिरा साव्येल्येव्नांनी विचारलं.

“फक्त चूक लिहा,” संचालक म्हणाले. “स्वतःच्या अक्षरात.”

आमच्याकडे खुलासा स्वतःच्या अक्षरात लिहायचा असतो. चूक काय ते वरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं. अक्षर तेवढं आपलं. साक्षीदार म्हणून मी भिंतीशी उभा होतो. व्होल्गाकाठच्या या संग्रहालयात मी मार्गदर्शक, इतिहासाचा पदवीधर. चित्रं समजावून सांगायचा अधिकार माझा. ग्लाफिरा साव्येल्येव्ना चौथ्या दालनाच्या राखणदार. त्यांनी खुर्चीवर बसून लक्ष ठेवायचं.

चौथ्या दालनात एकच मोठं चित्र आहे. स्वतःला मेलेल्या झारचा मुलगा म्हणवणारा एक तोतया पोलंडच्या राजापुढे उभा आहे. मला फौज द्या, मॉस्कोची गादी द्या. मी अख्खा रशिया पोपच्या धर्मात आणतो, अशी शपथ तो घेतोय. यावर मी अकरा मिनिटं बोलतो. त्यात ‘सरंजामशाही’ नऊदा येते. सातव्या मिनिटाला लोक, फरशी खराब होऊ नये म्हणून बुटांवर चढवायला दिलेल्या नमद्याच्या सपाता घासू लागतात.

आणि मग हळूच ग्लाफिराबाईंच्या खुर्चीकडे सरकायचे.

“बूट बघा त्याचे,” बाई सांगायच्या. “कुणाकडून तरी मागून आणलेत. अंगठा आत दुमडलाय, म्हणून असा तिरका उभा आहे बिचारा. कोण होता, कुठला, देव जाणे. त्याला तरी ठाऊक होतं की नाही!”

एकवीस वर्षं हे चाललं. एका मंगळवारी मात्र घोळक्यात जिल्ह्याचं तपासणी कमिशन उभं होतं, आणि बाई आपल्या ओघात म्हणाल्या, “आता बाकीच्यांची तोंडं बघा. याच्या शब्दावर एकाचाही विश्वास नाही, पण चेहरे कसे गंभीर! आपल्याकडच्या बैठकीत असतात ना, तस्सेच.”

कमिशनमधले एक साहेब खो खो हसले. न हसते तर निभावलं असतं. हसले, म्हणजे त्यांना समजलं. आणि समजलं, म्हणजे कारवाई करणं आलं.

संचालकांनी दुसरा कागद पुढे सरकवला. “दोन रस्ते आहेत. तळघरात लोकांचे कोट सांभाळा, नाहीतर चित्रापाशी राहा. पण तिथे दोनच वाक्यं बोलायची. ‘हात लावू नका’ आणि ‘पुढे चला’. तसं लिहून द्या.”

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मी पुढे होऊन कानाशी म्हणालो, “करा हो सही. असले शब्द पाळतं कोण? त्या तोतयानं तरी पाळला का? गादी मिळाल्यावर पोपाला टोलवतच राहिला.”

“हो ना, कोस्त्या,” त्या म्हणाल्या. “एकवीस वर्षं तेच तर बघत आलेय.”

त्यांनी सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्याला आता वर्ष होत आलं. बाईंनी तिसरं वाक्य उच्चारलेलं नाही. सुरुवातीला आम्ही पैजा लावल्या, मग ते बरं दिसेना. माझी अकरा मिनिटं आता निर्विघ्न पार पडतात. लोकांना सरकायला जागाच उरलेली नाही.

परवा लांबच्या सामूहिक शेतीवरून एक म्हातारी आली. डोक्याला रुमाल, बुटांवर सपाता उलट्या चढवलेल्या. माझं ‘सरंजामशाही’ तिनं दोनदा सोसलं आणि मध्येच थांबवून म्हणाली, “पुरे रे बाबा. इथे एक सांगणारी बाई होती म्हणे. माझी जाऊ ऐकून गेली होती, मरेपर्यंत तेच सांगायची. कुठाय ती?”

ग्लाफिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढाही प्रश्न सोडवायला माझी पदवी पुरली नाही.

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या.

“लावत नाहीये मी. कुठे गेली ती, ते सांग.”

“पुढे चला.”

म्हातारीचा चेहरा पडला. ती वळली. तेव्हा ग्लाफिराबाई उठल्या. त्यांनी तिचं कोपर धरलं, तिला चित्राच्या डाव्या अंगाला नेलं, खिडकीचा उजेड रंगांवर चमकत नाही अशा जागी उभं केलं, खांदे धरून किंचित खाली वाकवलं, आणि बाजूला झाल्या.

कोपर धरण्याबद्दल कागदात काही नव्हतं.

म्हातारी तशीच वाकून बघत राहिली. बऱ्याच वेळानं, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, “अगं बाई, बूट चावतायत की याला.”

ग्लाफिराबाई समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले.