बाकाकडे न बघणाऱ्या मुली

सोंगटीच्या कडेची एक कपची उडालेली होती आणि अंगठा फिरून फिरून त्याच जागी येऊन थांबत होता... पांढरी सोंगटी म्हणजे आपली मुलगी, काळी म्हणजे समोरच्यांची, आणि राणी कधीचीच हरवल्यामुळे बॉलच्या जागी सोड्याच्या बाटलीचं वाकडं झाकण. कॅरमवाल्यांनी टाकून दिलेला हा संच क्लब चालवणाऱ्या यज्ञेश्वरकाकांनी इथल्या खोलीत आणून ठेवला त्याला किती वर्षं झाली कोण जाणे, पण पुण्यातल्या बास्केटबॉलच्या निम्म्या चाली याच टेबलावर, चहाचे कप बाजूला सारत, या सोंगट्या सरकवून ठरल्या होत्या. उल्काने सोंगटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. समोर सौमित्र लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरमध्ये खुपसत होता, वायर काही बसत नव्हती, आणि खोलीतले सगळे प्रशिक्षक मोठ्या गांभीर्याने कोऱ्या भिंतीकडे बघत बसले होते.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. उन्हाळी शिबिरं संपलेली, शाळा सुरू झाल्या की नवा सीझन, आणि त्याआधीचा हा एक दिवस – काका त्याला 'देवाणघेवाण' म्हणत. पद्धत साधी होती. शहरातल्या क्लबांच्या प्रशिक्षकांनी जमायचं, प्रत्येकाने आपल्याला सापडलेली एक गोष्ट बाकीच्यांना द्यायची, मग मसालेभात खाऊन घरी जायचं. आणि या पद्धतीच्या पोटातली पद्धत अशी, की खरी गोष्ट कुणीच द्यायची नाही. हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायची प्लास्टिकची वाटी वेगळी आणि घरात जेवायची वेगळी, हे तरी कुठे कुणी बोलून दाखवतं? उल्काकडे अशा वाट्यांचा ढीग साचला होता, आणि तिने वाटलेल्याही काही कमी नव्हत्या. आज तिने बाजूरेषेवरून बॉल आत टाकायची एक चाल आणली होती. दिसायला देखणी, कामाला यथातथाच.

दर वर्षी ती आपली पाळी लवकर उरकून टाकत असे. आज मात्र काकांनी नाव घेतल्यावर तिने "थांबते जरा" म्हटलं होतं, कारण खिडकीशी नम्रता बसली होती.

नम्रता पहिल्यांदाच आली होती, प्रशिक्षक म्हणून. एके काळी उल्काकडे शिकायला विश्रांतवाडीहून बस बदलत येणारी, अमरावतीकडून पुण्यात कारखान्यात लागलेल्या कामगाराची ती काटकुळी पोर... बॉल पहिल्यांदा हातात दिला तेव्हा तिने तो पोटाशी धरला होता, कुणीतरी हिसकावून घेईल म्हणून. आता सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, केस आखूड, आणि बाणेरला कंपन्यांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या नव्या क्लबात संध्याकाळी मुलींची टीम. तिथे लाकडी कोर्ट आहे, वर छप्पर आहे, आणि दिवे असे की म्हणे सावलीच पडत नाही. उल्काच्या बिबवेवाडीच्या मैदानावर सावली भरपूर पडते – शेजारी उठलेल्या सात मजली इमारतीची. कोर्टाच्या सिमेंटला भेगा आहेत, आणि मुली उरल्यात सात. काही इंजिनिअरिंगच्या क्लासला गेल्या, काही सरळ बाणेरला.

आणि मागच्या आठवड्यातला तिचा तो फोन. "ताई, तुमच्या मुली घेऊन इकडेच या ना. दोन्ही टीम एक करू. तुम्ही आणि मी मिळून बघू. सीझनच्या आधी सांगाल?"

मिळून बघू! बँकेत व्हीआरएसचं परिपत्रक आलं तेव्हा साहेबही असंच मधाळ बोलले होते – आपण मिळून मार्ग काढू. आणि मार्ग निघाला तो थेट दाराकडे. ज्या बँकेने खेळाडू म्हणून घेतलं, जिच्या नावाचा बनियन घालून गावोगावी खेळले, तिने एका शुक्रवारी हार घालून, चांदीचं निरांजन देऊन मोकळं केलं. नाही बाई, मी पुन्हा एकदा नाही जायची त्या दारातून. 'नाही' तयार होतं. आज जेवताना शांतपणे म्हणायचं, आवाज न चढवता: नाही जमणार, नम्रता. कारण उल्काला पक्कं ठाऊक होतं की या पोरीला सात मुली नको आहेत आणि ताईही नको आहे. तिला ताईकडची ती गोष्ट हवी आहे.

ती गोष्ट एवढीशीच होती. मुलगी चुकली की तिला बाहेर काढायचं नाही. बॉल हातून सुटो, समोरची डोळ्यांदेखत बास्केट करून जावो, थांबायचं. तिने काहीतरी चांगलं करेपर्यंत थांबायचं – एखादा नेमका पास, एखादा अडवलेला बॉल – आणि मगच तिला बोलावून बसवायचं, दुसरीला पाठवायचं. बघणाऱ्यांना वाटे, या बाईला खेळाडू कधी बदलायचा ते कळत नाही. एका वर्तमानपत्राने तसं छापलंही होतं आणि उल्काला त्याचा आनंदच झाला होता. कारण दुसऱ्यांच्या मुली चुकल्या की आधी मान वळवून बाकाकडे बघत – आता काढतात का मला, म्हणून – आणि तेवढ्या वेळात समोरची पुढे निघून जाई. उल्काच्या मुली बाकाकडे बघत नसत. तिने स्वतः उमेदीची वर्षं एका तापट प्रशिक्षकाखाली मान वळवून काढली होती; त्या मानेचं दुखणं तिला माहीत होतं. म्हणूनच ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती, मुलींना तर नाहीच. मुलीला कळलं की संपलं, असं तिचं गणित. भेगाळलेल्या सिमेंटवरच्या सात मुली लाकडी कोर्टावरच्या मुलींना हरवतील तर ते या एका गोष्टीच्या जोरावर. दुसरं आता काय उरलं होतं तिच्याजवळ?

"सौमित्र, तुझं इंटरनॅशनल दुकान उघडेपर्यंत आमच्या पोरीला बोलू दे," काका म्हणाले. "चल गं नम्रता."

नम्रता उठली. खडू घेतला नाही, सोंगट्या मागितल्या नाहीत. दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली, मैदानावर राष्ट्रगीताला राहायची तशी.

"माझी स्वतःची अशी काही गोष्ट नाहीये. मी ताईंचीच सांगते. बेसिकली सब्स्टिट्यूशनबद्दल आहे. ताई चुकीला कधीच बाहेर काढायच्या नाहीत. आपण काहीतरी चांगलं केलं की मग काढायच्या."

खोलीत पेनं निघाली. वाण लुटताना कुणी पेन काढत नाही. उल्काच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ही मुलगी – या मुलीला इथली रीतसुद्धा माहीत नाही, कुणी सांगितलीच नसेल – इतक्या वर्षांचं झाकलेलं भांडं चारचौघांत उघडं करून ठेवते, आणि वर 'ताईंचं' म्हणून! ओरडावंसं वाटलं. खाली बस म्हणावंसं वाटलं. बोटांनी सोंगटी इतकी घट्ट धरली की कपचीचा वण उमटला.

"तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत, ताई," नम्रता आता थेट तिच्याकडे बघून बोलत होती, हसू दाबत. "पण माहीत होतं. सगळ्यांनाच. नवीन मुलगी आली की कपडे बदलतानाच तिला सांगायचो – घाबरू नको, चुकीला काढत नाहीत. आणि दम लागला ना, की एक मस्त पास द्यायचा. लगेच बसवतात."

खोलीत हशा फुटला. काकांना हसता हसता चष्मा काढावा लागला. "आणि बसवलं नाही तर?" कुणीतरी ओरडलं.

"तर समजायचं, पास तेवढा मस्त नव्हता."

उल्काही हसली, हसणं भाग होतं. पण आत कुठलंतरी एक जुनं कपाट कलंडलं होतं आणि त्यातले सामने एकेक करून घरंगळत बाहेर येत होते – नागपूरची उपांत्य फेरी, या मुलीने समोरच्या मुलीच्या हातून बॉल काढला, सबंध कोर्ट एकटीने पळाली, बास्केट केली, आणि मी किती ऐटीत हात वर करून तिला बाहेर बोलावलं होतं... ती दमली होती? ती बास्केट जिंकण्यासाठी होती की पाणी पिण्यासाठी? आणि कोल्हापूरला त्या डावखुऱ्या मुलीचा तो पाठीमागून दिलेला पास, ज्याची आठवण काढून मी आजही एकटी हसते, तो? खडकवासल्याच्या रस्त्यावर पहाटे पळायला न्यायची तेव्हा मागे खुसखुस चालायची, वळून बघितलं की सगळ्या चिडीचूप – ती हीच असणार. मी बाकावर बसून त्यांना खेळवत होते, आणि त्या तिकडून मला खेळवत होत्या. वर्षानुवर्षं. एका पिढीने दुसरीला सांगत, आणि माझ्यापर्यंत काही येऊ न देता, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेतात तसं.

राग यायला हवा होता. आलाही, पण टिकेना. कारण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर येत होतं... मुलींना ठाऊक होतं, तरीही त्यांनी कधी बाकाकडे बघितलं नाही. की ठाऊक होतं म्हणूनच? गुपित म्हणून जे जपलं ते कामाचं नव्हतंच कदाचित. कामाचं होतं ते कपडे बदलताना एकीने दुसरीला सांगितलेलं 'घाबरू नको'. आणि मग, हळूच, कुणी लावून घेतलेल्या दारावर टकटक करावी तशी, एक अगदी साधी शंका आली. ही गोष्ट या मुलीकडे तर चौदा-पंधराव्या वर्षापासूनच आहे. माझ्याकडून घेण्यासारखं तिला काहीच उरलेलं नाही. मग मागच्या आठवड्यात तिने फोन कशासाठी केला?

नम्रता जागेवर परत निघाली होती. उल्काच्या तोंडून सवयीचा तिरकस सूर आपोआप निघाला.

"छान. आणि आता दमलीस की काय करतेस गं? पास कुणाला देतेस?"

पुन्हा हशा. नम्रताही हसली. मग तिचं हसणं इतरांच्या आधी संपलं. ऑफिस, तिथून कोर्ट, तिथून घर – डोळ्यांखाली काळं किती आलंय, हे उल्काने सकाळपासून बघितलंच नव्हतं. तिला दिसत होतं ते बाणेरचं छप्पर आणि तिथले दिवेच.

"आता मले कोन बसवते, ताई," नम्रता म्हणाली.

गमतीतच म्हणाली, खांदे उडवून. पण 'मले' म्हणाली. शाळेत मुली चिडवायच्या म्हणून तिने ते वऱ्हाडी बोलणं कधीच पुसून टाकलं होतं. आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं की नाही कळलं नाही, कारण त्याच क्षणी सौमित्रची वायर बसली, कुणीतरी पडदे ओढून दिवे घालवले, भिंतीवर अमेरिकेतलं एक झगमगीत कोर्ट उजळलं, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"उल्का, याच्यानंतर तू बरं का," काका अंधारात कुजबुजले. "काय आणलंयस?"

"बघू," ती म्हणाली. ती देखणी चाल तिला अजून पाठ होती, पण ती उभं राहून मांडायची म्हटल्यावर लाज वाटली. भिंतीवरचे उंच पुरुष हवेत तरंगत होते. तिकडे न बघता उल्का खिडकीशी बसलेल्या त्या मुलीकडे बघत राहिली. भिंतीवरचा निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर येत होता, जात होता, आणि ती डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. नुसती टेकली होती.

आठवडाभर घोटून घोटून तयार केलेलं 'नाही' अजून जिभेवरच होतं, शांत, आवाज न चढवता म्हणायचं. पण ज्या बाईला ते म्हणायचं होतं, लाकडी कोर्टवाल्या, मधाळ बोलणाऱ्या, हिसकावून घ्यायला टपलेल्या त्या बाईला, उल्का सगळ्या खोलीभर शोधत होती, आणि ती कुठेच दिसत नव्हती.